तिशीत काम गेलं, हेरॉईन सोडलं आणि महिन्याभरात पहिला अल्बम केला : जॉन कोल्ट्रेनची गोष्ट

तारीख ३१ मे १९५७. वार शुक्रवार. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात हॅकेनसॅक नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या एका घराच्या हॉलमध्ये काही वादक आपापली वाद्यं जुळवत बसले होते.

घर होतं रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं. हा रूडी दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या हॉलमध्ये माईक लावून रेकॉर्डिंग करायचा. ऐकायला गंमत वाटेल, पण त्या काळातले जॅझचे कितीतरी गाजलेले अल्बम याच हॉलमध्ये तयार झालेत.

त्या दिवशी ज्याचा अल्बम होणार होता तो माणूस तीस वर्षांचा होता. नाव जॉन कोल्ट्रेन. दोस्तमंडळी त्याला 'ट्रेन' म्हणायची. आज जॅझ ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, सॅक्सोफोनचे तीन मोठे वादक सांग म्हटलं तर त्यात हे नाव येणारच. पण त्या शुक्रवारी परिस्थिती वेगळी होती. जेमतेम महिन्याभरापूर्वी त्याला देशातल्या सगळ्यात चर्चेतल्या बँडमधून काढून टाकलं होतं. कारण एकच, हेरॉईन. आणि तो नशेतून बाहेर पडून काही आठवडेच झाले होते.

आता हे नीट समजायला थोडं मागं जावं लागतं.

जॉनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या हॅम्लेट गावचा. वाढला तो हाय पॉईंट नावाच्या गावात. वडील शिंपी होते, हौशीपुरतं वाजवायचेही. आईचे वडील चर्चमध्ये पाद्री. घरात भजनं, प्रार्थना, संगीत. गोऱ्यांची शाळा वेगळी आणि काळ्यांची वेगळी, असा तो दक्षिणेचा भाग. तरी घराला मान होता, पोटापाण्याची ददात नव्हती.

जॉन बारा वर्षांचा झाला आणि सगळं विस्कटलं. १९३८ च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत आजोबा गेले, वडील गेले, आजी गेली. घरातले कर्ते हात संपले. आई कामाच्या शोधात उत्तरेकडं गेली आणि पोरगा नातेवाईकांकडं राहिला. याच काळात त्याच्या हातात वाद्य आलं. आधी चर्चशी जोडलेल्या गावच्या बँडमध्ये, मग शाळेच्या बँडमध्ये. वडील गेलेल्या पोरानं वाद्याला कवटाळलं असं सोपं समीकरण मांडायचा मोह होतो. पण एवढं खरं की तेव्हापासून तो रियाझाला जो चिकटला तो मरेपर्यंत सुटला नाही.

१९४३ मध्ये शाळा संपवून तो फिलाडेल्फियाला आला. आईनं सॅक्सोफोन घेऊन दिला. १९४५ च्या जूनमध्ये त्यानं पहिल्यांदा चार्ली पार्करला प्रत्यक्ष वाजवताना ऐकलं आणि येडाच झाला. पार्कर म्हणजे त्या पिढीचा देव. त्याच वर्षी ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, जॉन नौदलात भरती झाला. लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. हवाईमध्ये तो बँडमध्ये वाजवायचा. बँड गोऱ्यांचा, त्यामुळं हा आपला पाहुणा कलाकार.

परत आल्यावर खरी उमेदवारी सुरू झाली. नौदलातून आलेल्यांना शिक्षणासाठी सरकारी पैसे मिळायचे, त्यातून तो संगीताचं शास्त्र शिकला. एडी व्हिन्सनच्या बँडमध्ये गेला, तिथं आल्टो सोडून त्याला टेनर सॅक्सोफोन धरावा लागला. टेनर म्हणजे जरा मोठा, खालच्या सुरांचा. मग डिझी गिलेस्पीचा बँड, अर्ल बॉस्टिकचा, जॉनी हॉजेसचा. थोडक्यात, दहा वर्षं दुसऱ्यांच्या मागं उभं राहून वाजवणं.

त्याच्या रियाझाच्या गोष्टी फिलाडेल्फियात दंतकथेसारख्या सांगितल्या जातात. दिवसभर वाजवायचा. रात्री शेजारी ओरडतील म्हणून फुंक न मारता नुसती बोटं फिरवायचा. वाद्य कुशीत घेऊनच झोपायचा. गोड खायचं भयंकर वेड, त्यातून दात खराब. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे दात दुखत असतील तर काय होतं याची कल्पना करा. तोंडपट्टी दातात धरूनच वाजवायची असते. म्हणजे प्रत्येक सूर ठणकतच येणार.

आणि याच वर्षांत हेरॉईन आलं.

तेव्हाच्या जॅझमध्ये हेरॉईन इतकं का पसरलं, याचं एक उत्तर चार्ली पार्करकडं जातं. पार्कर नशा करायचा आणि पार्कर देवासारखा वाजवायचा. पोरांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. पार्कर स्वतः १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. पण तोवर एक अख्खी पिढी त्यात अडकली होती. जॉनचा फिलाडेल्फियातला जिगरी दोस्त, सॅक्सोफोनवादक जिमी हीथ, हेरॉईनच्या प्रकरणात १९५५ पासून तुरुंगात होता. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्या घरातला आणखी एक जण पुढं येणार आहे.

जॉनलाही फटका बसलाच. जॉनी हॉजेसच्या बँडमधलं काम नशेपायी गेलं. तरीही १९५५ मध्ये नशीब उघडलं. ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिस नवा बँड उभा करत होता. त्याला हवा होता सनी रॉलिन्स. पण रॉलिन्स तेव्हा हेरॉईन सोडवण्याच्या खटपटीत असल्यानं उपलब्ध नव्हता. ड्रमर फिली जो जोन्सनं कोल्ट्रेनचं नाव सुचवलं. एकोणतिसाव्या वर्षी जॉन अचानक देशातल्या सगळ्यात जास्त बोलबाला असलेल्या बँडमध्ये पोचला. त्याच सुमारास त्यानं नईमाशी लग्न केलं.

इथं एक तुलना करण्यासारखी आहे. सनी रॉलिन्स जॉनपेक्षा चार वर्षांनी लहान. १९५६ मध्ये त्याचा 'सॅक्सोफोन कोलोसस' रेकॉर्ड झाला, जो आजही टेनर सॅक्सोफोनच्या सर्वोत्तम अल्बममध्ये गणला जातो. त्याच वेळी जॉनच्या नावावर काय होतं? एकही अल्बम नाही. टीकाकारांपैकी काहींना तर त्याचं वाजवणं कर्कश आणि अडखळतं वाटायचं. आणि माईल्सच्या बँडमध्ये तो कधी उशिरा यायचा, कधी कळकट कपड्यांत, तर कधी स्टेजवरच डुलक्या घ्यायचा.

माईल्सला हे सगळं माहीत होतं. तो स्वतः काही वर्षांपूर्वी वडिलांकडं जाऊन, कोंडून घेऊन हेरॉईनमधून बाहेर पडला होता. सुटलेल्या माणसाला न सुटलेल्याची कीव येते, पण रागही जास्त येतो. एप्रिल १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे बोहेमियातले कार्यक्रम संपले आणि माईल्सनं जॉन आणि फिली जो दोघांनाही काढून टाकलं.

जॉन फिलाडेल्फियाला आईच्या घरी परतला.

पुढचं त्याच्या घरच्यांकडून आणि मित्रांकडून आलेलं आहे. त्यानं ठरवलं की आता बास. दवाखाना नाही, औषध नाही. खोलीत जाऊन पडला, फक्त पाणी मागायचा. आई आणि नईमा दाराबाहेर. हेरॉईन असं एकदम तोडलं की अंग फुटतं, उलट्या, घाम, थंडी, झोप नाही. दिवसेंदिवस हेच. ते त्यानं काढलं आणि तो बाहेर आला. (एक स्पष्ट सांगतो, ही गोष्ट नक्कल करण्याची नाही. आज यासाठी डॉक्टर आहेत, औषधं आहेत, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत.)

सात वर्षांनंतर एका अल्बमसोबतच्या मजकुरात त्यानं स्वतः या वर्षाबद्दल लिहिलं. १९५७ मध्ये देवाच्या कृपेनं आपल्याला जाग आली आणि संगीतातून लोकांना आनंद देता यावा एवढंच आपण तेव्हा मागितलं, असा त्याचा आशय. ही जाग नेमकी कशी होती, स्वप्न की आवाज की आणखी काही, यावर चाहत्यांत भरपूर चर्चा होते. आम्हाला जास्त रस पुढच्या प्रश्नात आहे. खोलीतून बाहेर आल्यावर त्यानं वाजवलं काय?

नशिबानं एक दार उघडं होतं. याच काळात प्रेस्टीज नावाच्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्याशी करार केला होता. प्रेस्टीजची पद्धत म्हणजे झटपट काम. तालमीवर फार वेळ घालवायचा नाही, एका दिवसात अल्बमभर वाजवून घ्यायचं. म्हणून ती ३१ मे ची तारीख.

आणि म्हणूनच त्या हॉलमध्ये कोण कोण बसलं होतं हे बघण्यासारखं आहे.

पियानोवर दोघं जण. पहिल्या बाजूला रेड गार्लंड आणि दुसऱ्या बाजूला मॅल वॉल्ड्रन. 'बाजू' म्हणजे तबकडीची बाजू, तेव्हा रेकॉर्ड पालटावी लागायची. बासवर पॉल चेंबर्स. गार्लंड आणि चेंबर्स हे दोघंही माईल्सच्या बँडमधले. मालकानं काढून टाकलं, पण सहकारी मदतीला आले, असा तो प्रकार. बॅरिटोन सॅक्सोफोनवर साहिब शिहाब. ट्रम्पेटवर जॉनी स्प्लॉन, जो फिलाडेल्फियाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता आणि पुढंही झाला नाही.

ड्रम्सवर बसला होता अल्बर्ट हीथ. तुरुंगात असलेल्या जिमी हीथचा धाकटा भाऊ. त्याचं हे पहिलंच रेकॉर्डिंग आणि त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस. थोरला भाऊ ज्या गोष्टीपायी आत बसला होता, तीच गोष्ट नुकतीच सोडून आलेल्या भावाच्या दोस्तामागं हा पोरगा ताल धरत होता. हा योग कुणी ठरवून आणलेला नव्हता. पण मला हा अल्बम ऐकताना ड्रम्सकडं दरवेळी लक्ष जातं ते यामुळंच.

अल्बमचं नाव साधं, 'कोल्ट्रेन'. सहा रचना, चाळीसेक मिनिटं.

पहिलीच रचना 'बकाई'. ती लिहिली होती फिलाडेल्फियातला मित्र कॅल्विन मॅसीनं. नाव अरबी भाषेतल्या रडण्यासाठीच्या शब्दावरून घेतलंय, आणि ती एमेट टिलच्या हत्येनंतर सुचलेली मानली जाते. एमेट टिल म्हणजे शिकागोचा १४ वर्षांचा काळा मुलगा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये तो मिसिसिपीला नातेवाईकांकडं गेला होता. एका गोऱ्या बाईची छेड काढली असा आरोप ठेवून त्याला घरातून उचलून नेलं आणि हाल हाल करून मारलं. त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवली, जगानं बघावं म्हणून. सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीनं आरोपींना सोडून दिलं. नॉर्थ कॅरोलिनात वाढलेल्या माणसाला ही बातमी दूरची नव्हती. आपल्या पहिल्या अल्बमची पहिली रचना म्हणून जॉननं ही निवडली. शब्द नाहीत, घोषणा नाही. बॅरिटोन सॅक्सोफोनचा जड, खर्जातला ठेका आणि त्यावर टेनर.

दुसरी रचना एकदम उलट्या टोकाची. 'व्हायोलेट्स फॉर युअर फर्स' हे हळवं प्रेमगीत, फ्रँक सिनात्रानं गायलेलं. जॉनच्या कर्कशपणाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं. तो इथं काहीच करत नाही, म्हणजे वेगाची करामत नाही, सुरांचा पाऊस नाही. चाल जशी आहे तशी धरतो आणि एकेका सुरावर रेंगाळतो. आपल्याकडं मोठा गवई एखादी साधी ठुमरी किती कमी हरकती घेऊन गातो यावरून त्याची पातळी कळते, तसंच हे. माझ्या मते पूर्ण अल्बममधलं हे सगळ्यात पक्कं काम.

'टाईम वॉज' जलद आणि खेळकर. मग तबकडी पालटली की 'स्ट्रेट स्ट्रीट', ही जॉनची स्वतःची रचना. सरळ रस्ता. नुकतंच हेरॉईन सोडलेल्या माणसानं हे नाव ठेवलं, यातून अर्थ काढायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. शेवटची 'क्रॉनिक ब्लूज' हीसुद्धा त्याचीच.

पण मधल्या 'व्हाईल माय लेडी स्लीप्स'चा शेवट चुकवू नका. ही एका शांत रात्रीची चाल. अगदी अखेरच्या क्षणी जॉन सॅक्सोफोनमधून एकाच वेळी एकापेक्षा जास्त सूर काढतो. आता सॅक्सोफोन हे काही पेटीसारखं वाद्य नाही, त्यातून एका वेळी एकच सूर येणं अपेक्षित असतं. बोटांची ठेवण आणि ओठांची पकड विशिष्ट तऱ्हेनं बदलली की आतली हवा दुभंगते आणि सूर फुटून दोन-तीन होतात. पियानोवादक थिलोनियस मंकनं आपल्याला हे दाखवलं असं जॉन पुढं सांगायचा. क्षणभराचाच प्रकार आहे. पण साठच्या दशकात तो सॅक्सोफोनमधून जे आवाज काढून लोकांना हादरवणार होता, त्याचं बी इथं आहे.

आता खरं बोलायचं तर हा अल्बम त्याचा सर्वोत्तम नाही. पहिल्या पाचातही बरेच जण धरणार नाहीत. साथीदारांचा मेळ काही ठिकाणी घाईत जमवल्यासारखा वाटतो, कारण तो तसाच जमवला होता. ट्रम्पेट काही जागी दबकत वाजतो. पण जॉनचा स्वतःचा आवाज घ्या. माईल्ससोबतच्या १९५६ च्या रेकॉर्डिंगमध्ये तो वाक्य सुरू करतो आणि मध्येच वाट चुकल्यासारखा थांबतो. इथं तो वाक्य पूर्ण करतो. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक कळायला संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही.

यानंतर गाडी सुसाट सुटली. त्या उन्हाळ्यात तो सकाळी सकाळी मंकच्या घरी जाऊन बसायचा. मंक पियानोवर एखादी रचना वाजवायचा आणि जॉन ती सॅक्सोफोनवर शोधायचा. जुलैपासून दोघं न्यूयॉर्कच्या फाईव्ह स्पॉट कॅफेमध्ये वाजवू लागले. सप्टेंबरमध्ये ब्लू नोट कंपनीसाठी 'ब्लू ट्रेन' रेकॉर्ड झाला. २९ नोव्हेंबरला मंकसोबत कार्नेगी हॉल. त्या मैफलीची टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये धूळ खात पडली होती, ती थेट २००५ मध्ये सापडली. म्हणजे एप्रिलमध्ये हाकललेला माणूस नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये. १९५८ च्या सुरुवातीला माईल्सनं त्याला परत बोलावलं.

१९५९ मध्ये माईल्सचा 'काईंड ऑफ ब्लू' झाला, त्यात जॉन आहे. त्याच वर्षी त्यानं स्वतःचा 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केला, ज्याच्या चालीवर आजही विद्यार्थ्यांना घाम फुटतो. त्यातल्याच एका संथ रचनेचं नाव 'नईमा'. १९६० मध्ये 'माय फेव्हरिट थिंग्ज' रेकॉर्ड केला, सोप्रानो सॅक्सोफोन घेऊन. तो आपल्या शहनाईसारखा नाकात बोलतो.

शहनाईवरून आठवलं, तोवर त्याला भारतीय संगीताचा नाद लागला होता. पंडित रविशंकर यांच्या रेकॉर्ड तो ऐकायचा, त्यांच्याशी पत्रव्यवहार करायचा आणि पुढं त्यांना भेटून शिकलाही. १९६१ मध्ये त्यानं 'इंडिया' नावाची रचना वाजवली, ज्यात एकाच आधारस्वरावर बराच वेळ विस्तार चालतो. आपल्या कानाला हा प्रकार लगेच ओळखीचा वाटतो. १९६५ मध्ये दुसरी पत्नी, पियानोवादक ॲलिस, हिच्यापासून झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं, पंडितजींवरून. रवीची जन्मतारीख ६ ऑगस्ट, बाप नौदलात भरती झाला तीच. आज रवी कोल्ट्रेनही नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे.

डिसेंबर १९६४ मध्ये 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड झाला. चार भागांची एकच प्रार्थना म्हणावी असा अल्बम. १९५७ ची आठवण त्यानं लिहिली ती याच अल्बमच्या वेष्टनावर.

१७ जुलै १९६७ ला यकृताच्या कर्करोगानं जॉन गेला. वय ४०. मुलं लहान होती. हॅकेनसॅकच्या त्या शुक्रवारपासून हिशोब केला तर दहा वर्षं आणि दीड महिना. स्वतःच्या नावावर त्यानं जे काही केलं ते सगळं एवढ्या काळात बसतं.

प्रेस्टीजवाल्यांची एक गंमत सांगायची राहिली. जॉन मोठा झाला तशी त्यांनी १९५७-५८ मध्ये झटपट करून ठेवलेली रेकॉर्डिंग कपाटातून काढून वर्षानुवर्षं नवे अल्बम म्हणून विकली. ३१ मे लाच वाजवलेली एक रचना तर १९६१ मध्ये 'लश लाईफ' या अल्बममध्ये बाहेर आली. आणि पहिला अल्बम त्यांनी पुढं नाव बदलून पुन्हा काढला, 'द फर्स्ट ट्रेन' म्हणून.

फिलाडेल्फियात नॉर्थ ३३ व्या रस्त्यावर १५११ नंबरचं घर अजून उभं आहे. जॉननं १९५२ मध्ये घेतलेलं, आई तिथंच राहायची. १९९९ मध्ये सरकारनं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू जाहीर केलं. १९५७ च्या मे महिन्यात माईल्सनं काढलेला माणूस परतला होता तो याच घरात.